नावाच्या चौकटीतली सही

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफ कर. बापाने लेकीची माफी मागू नये असं तुझी आई म्हणते, पण तिचं काय, तिने जन्मात कुणाची मागितलेली नाही. उशीर झाला कारण तुझा पत्ताच नव्हता. फोन लावला की आतली बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. अस्तित्वात कसा नाही, परवापरवापर्यंत मी त्यावर तुझ्याशी बोलत होतो. शेवटी तुझ्या जुन्या खोलीवरच्या मैत्रिणीकडे गेलो. तिने दार अर्धंच उघडलं. "काका, नंबर द्यायचा नाही अशी शपथ घातलीय तिने मला. पत्र द्या, पोचवीन." म्हणून लिहायला बसलो, तर काही सुचेना. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शब्द गिऱ्हाईकाचे, अक्षर माझं, चुका दोघांच्या. मनातलं लिहायची वेळ कधी आली नाही, आणि शाळा तर अर्ध्यातच सुटली. तेव्हा चुकलं तर वाचून घे.

आई बरी आहे. कंबरेचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात. वॉकर ढकलत खिडकीपर्यंत जाते आणि तिथून मला हुकूम सोडते. तब्येत सुधारल्याची हीच खूण. तुझं नाव काढत नाही. म्हणजे काढते, पण मी खोलीत नसताना.

तिच्या शेजारच्या कॉटवरची, खिडकीजवळची बाई गेली, ते तुला ठाऊकच आहे. मला राहून राहून तीच आठवते. चपलांच्या दुकानात विक्रीला होती. मी भेटायला आलो की माझ्या पायांकडे बघून म्हणायची, "आले बघा, आजही दोन वेगळे मोजे." वर्तमानपत्रात आलं की जे इंजेक्शन तिला चालत नव्हतं तेच दिलं गेलं. तिच्या कार्डावर तांबड्या अक्षरात सूचना होती, पण नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर तिचं कार्डच नव्हतं. सिस्टर नवी होती. तिने स्क्रीन पाहिला, सूचना दिसली नाही, तिने दिलं. आता छापलं आहे की तुमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचा कुणी हल्लेखोर घुसला आणि त्याने ते कार्ड उडवलं.

बाळ, मला या माणसाची भीती वाटते. ज्याने दवाखाना सोडला नाही तो तुला सोडेल का? तू ते सॉफ्टवेअर लिहिलंस हे त्याला ठाऊक असणार. दाराला आतून कडी घालत जा. नुसत्या कुलपावर विसंबू नकोस. गॅस बंद केलास का ते पण बघत जा, ते वेगळं.

तुला आठवतं, आईच्या ऑपरेशनच्या आधी तू स्वयंपाकघरात बसून मला तुझं काम समजावलं होतंस? आई पीठ चाळत होती. तू म्हणालीस, "बाबा, मीही हेच करते. लोक जे टाइप करतात ते चाळून घेते."

आई म्हणाली, "मग एवढं शिकून काय दिवे लावलेस? चाळणी मी न शिकता धरते."

मी विचारलं, चाळायचं कशाला, लोकांनी लिहिलं ते दाखवायचं. तू म्हणालीस, "समजा गिऱ्हाईकाने पाटीचा मजकूर दिला, 'दुकान बंद करा.' तुम्ही काय कराल?"

"रंगवीन."

"आणि एखाद्या वेड्या पेंटरने तो मजकूर वाचला आणि जाऊन शटरच खाली ओढलं तर? संगणक म्हणजे तो वेडा पेंटर. काही खुणा त्याला मजकूर वाटत नाहीत, हुकूम वाटतात. म्हणून त्या आधीच काढायच्या."

मी सहज विचारलं, "सगळ्या काढल्यास?" तू म्हणालीस, निरोपाच्या चौकटीत येणाऱ्या काढल्या, निरोप देणाऱ्याच्या नावाची चौकट राहिली आहे. साहेब म्हणतात, नावात कोण काय लिहिणार, आधी दवाखान्यात बसवू, मग बघू. आणि मग तू म्हणालीस, "काय आत येऊ नये याची यादी कधी पुरी होत नाही, बाबा. जे येईल ते मुकाट्याने अक्षर म्हणूनच मांडायचं, असं त्या वेड्याला शिकवायला हवं. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ कुणाला द्यायचा नसतो."

हे मला तेव्हा अर्धंच कळलं. आता वाटतं, तो हल्लेखोर त्या नावाच्या चौकटीतूनच तर आला नसेल? तू कुणाला सांगितलंस का हे? सांग. तुझा दोष नव्हता, साहेबांनी थांबू दिलं नाही.

तुला हसायला येईल असं एक सांगतो. वॉर्डाच्या दाराशी नातेवाइकांसाठी ते मशीन होतं ना, निरोप टाइप करायचा की नर्सच्या स्क्रीनवर त्या पेशंटच्या कार्डाखाली उमटतो आणि सिस्टर वाचून दाखवतात, त्यावर मी रोज आईला निरोप टाकायचो. माझी सवय तुला माहीत आहे, पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात माझी सही: बाणाचं टोक, शेजारी उभा कुंचला, कुंचल्याखाली रंगाचा थेंब आणि पुढे दोन आडव्या रेघा. ती टाइपसुद्धा करता येते, तूच मला कळा दाखवल्या होत्यास, आठवतं? तर निरोपात ती सही टाकली की तुझं मशीन ती गिळून टाकायचं. शेवटी एक दिवस मला राग आला. म्हटलं, निरोपात नको तर नको, नावाच्या जागी घालतो. आणि गंमत म्हणजे तिथे ती राहिली. तुझ्या चाळणीला म्हाताऱ्याने चकवलं, असं मी आईला म्हणणार होतो, पण दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात सगळा गोंधळ झाला आणि राहून गेलं.

गेलेल्या बाईचा भाऊ टपाल कचेरीमागच्या गल्लीत सलून चालवतो. मी हल्ली दाढीला तिथेच जातो. काही बोलत नाही, बसतो नुसता. का जातो विचारू नकोस.

उत्तर लिही. खाली माझी सही काढली आहे, पेनाने तितकी ठसठशीत येत नाही.

तुझे
बाबा


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. टपालाचा काही भरवसा नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

काल तुझे साहेब घरी आले होते. गुळगुळीत माणूस. आईने त्यांना बसू दिलं आणि मग म्हणाली, "त्या खुर्चीचा एक पाय मोडका आहे, जपून." सगळा वेळ ते बिचारे एका बाजूला तोल सांभाळून बोलत होते. आईला ते आवडले नाहीत हे तू ओळखलंच असशील.

ते म्हणाले, "काका, तुमची मुलगी हुशार आहे, पण हट्टी. आम्ही म्हणत होतो बाहेरचा हल्ला झाला. तिने चौकशी समितीपुढे उभं राहून सांगितलं की बाहेरचं कुणी नाही, ते मीच टाइप केलं. आईच्या कार्डावर स्वतःचंच काम तपासून बघत होते, पुसायचं राहिलं."

मी म्हटलं, शक्य नाही. माझी मुलगी स्वतःच्या आईच्या कॉटवर प्रयोग करणार नाही. ती शाळेत असताना बेडूकसुद्धा कापायला तयार नव्हती.

"तेच तर," साहेब म्हणाले. "पण ती खूण धंद्यातल्या माणसालाच माहीत असते. साध्या माणसाच्या हातून तशी जुळून येत नाही. म्हणजे एक तर चोर, नाहीतर ती. चोराचा काही माग लागत नाही, आणि ती म्हणतेच आहे."

मी विचारलं, कसली खूण. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने काढून दाखवली. म्हणाले, ही खूण दिसली की संगणक समजतो, इथून पुढचं दाखवायचं नाही. मग ती मिटवणारी दुसरी खूण कुठे येते ते तो शोधत बसतो. ती आलीच नाही, तर पानाच्या शेवटापर्यंत सगळं झाकलेलं राहतं. तुझ्या आईच्या कार्डाखाली एकच कार्ड होतं, खिडकीच्या बाईचं. ते तेवढं गेलं.

माझा चष्मा जवळ नव्हता, त्यामुळे खूण नीट दिसली नाही.

साहेबांचं म्हणणं असं की तू आता जबाब बदलू नयेस. मग प्रकरण तिथेच मिटेल. तुला काही वर्षं या धंद्यात काम करता येणार नाही, कदाचित खटला होईल, पण ते वकील देतील. कंपनीत आणखी बरीच पोरं आहेत, त्यांच्या पोटाचा विचार करा, असं म्हणाले. मी मान हलवली असेन. चहा सांडला माझ्या हातून, त्यांच्या पँटवर थोडा. आई नुसती माझ्याकडे बघत होती.

सुनावणी पुढच्या महिन्यात अठरा तारखेला, सोमवारी आहे. तिथे तुझी शेवटची सही घेणार आहेत.

आज इतकंच. खाली सही काढत नाही, पेनातली शाई संपत आली आहे. गार पाण्याने डोकं धुऊ नकोस.

तुझे
बाबा


१ मार्च

भिंगरी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चष्मा नाकावरच होता. शाईसुद्धा बाटलीभर आहे.

साहेबांनी वर्तमानपत्राच्या कडेला काढली ती माझी सही होती. बाणाचं टोक, कुंचला, थेंब, दोन रेघा. त्यांनी माझ्यापेक्षा वाईट काढली, पण तीच.

ते गेल्यावर मी ती कड फाडून खिशात घातली. आई म्हणाली, "दाखवा इकडे." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "अहो, संसार केलाय मी तुमच्याबरोबर. खिशात हात घालून उभे राहिलात की काहीतरी सांडलेलं असतं." मग दाखवली. तिने ती किती तरी वेळ हातात धरली.

नंतर तिने जे सांगितलं ते तुला कळलं पाहिजे. त्या दिवशी संध्याकाळी सिस्टरने माझा निरोप वाचून दाखवला. मोज्यांबद्दल काहीतरी होता. खिडकीच्या बाईला तिच्या कॉटवरून तो स्क्रीन तिरका दिसायचा. ती आपली बघत होती, आणि मोठ्याने हसून आईला म्हणाली, "अहो ताई, तुमच्या नवऱ्याने मला पाटीवरून पुसून टाकलं की हो! मी नाहीच आता!" आईपण हसली. हाडाचं दुखणं विसरून हसली. त्या बाईने खोली पुसणाऱ्या मावशींना सांगितलं, माझं नाव गेलंय बघा. मावशी म्हणाल्या, "मशीन आहे, थकतं, येईल परत." आणि परत कुणी पाहिलं नाही. रात्रीच्या पाळीला नवी सिस्टर आली.

आई म्हणाली, "मी हसले. मला वाटलं विनोद करतेय. ती बोलायचीच तशी." आणि मग ती रडली. मी तिला आजवर रडताना पाहिलं ते फक्त तुझ्या जन्माच्या वेळी.

आता मला तुझं सगळं उलगडतं. तू दवाखान्याच्या नोंदी उघडल्यास, काय टाइप झालं ते बघितलंस, आणि तुला ओळखायला क्षणही लागला नसेल. लहानपणी तू माझ्या रंगाच्या डब्यांवर बसून ती सही खडूने जमिनीवर काढायचीस. थेंब नेहमी मोठा व्हायचा तुझा. तू ओळखलंस, आणि ओळखल्यावर आमच्याकडे आली नाहीस, फोन बंद केलास. कारण समोर बसून तुला खोटं बोलता येत नाही, हे तुलाही माहीत आहे.

तुला वाटलं म्हाताऱ्याला हे पेलणार नाही. बरोबर वाटलं तुला. नाही पेलत. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या बघवत नाहीत. माझ्या हातच्या आता थोड्याच उरल्या आहेत, बाकी सगळ्या प्लास्टिकच्या, आतून दिवा लागणाऱ्या. पण ज्या आहेत त्यांच्या कोपऱ्यात ती सही बसलेली असते. मी मान खाली घालून जातो. परवा खांबाला धडकलो.

पण बाळ, तू ते ओझं उचललंस म्हणून माझं हलकं झालं असं झालेलं नाही. आता मी दोन दोन उचलतो, त्या गेलेल्या बाईचं एक आणि तुझं एक.

मी समितीकडे जाणार आहे. तुला विचारून गेलो असतो, पण तू आहेस कुठे?

बाबा


९ मार्च

चि. भिंगरीस,

जाऊन आलो. कोट घातला होता. आईने मोजे तपासून पाठवलं.

समितीची कचेरी वरच्या मजल्यावर आहे. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसवलं. आत एक बाई आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. बाई बोलायला चांगल्या होत्या, त्यामुळेच जास्त कठीण गेलं. मी सांगितलं, ती खूण मी टाइप केली, मुलीने नाही. ती माझी सही आहे, मी पेंटर आहे.

बाई म्हणाल्या, "आजोबा, पाणी घ्या आधी."

मी म्हटलं, पाणी नको, लिहून घ्या.

टक्कलवाले म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं या खुणेने काय होतं?"

"नाही."

"मग का टाइप केलीत?"

"सही आहे माझी."

"निरोपाखाली लोक नाव लिहितात, आजोबा. सही अशी चिन्हांची असते का?"

मग मी काय सांगणार? म्हटलं, माझी असते. चला माझ्याबरोबर, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याची पाटी दाखवतो, शिंप्याची दाखवतो, खालच्या कोपऱ्यात बघा. तेव्हा ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले, आणि मला वाटलं, झालं, पटलं यांना. बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मुलीला ही खूण लहानपणापासून माहीत होती."

बघ कसं आहे. मी तुला सोडवायला दोर टाकला आणि तो तुझ्याच गळ्यात पडला.

दाराशी कॅमेरा होता, मी आठवण करून दिली. त्याचं चित्र इतके दिवस ठेवत नाहीत म्हणे. मग टक्कलवाल्यांनी एक संगणक माझ्यापुढे सरकवला. दवाखान्यातलंच ते पान, पण सरावासाठी वेगळं ठेवलेलं. "करून दाखवा." बाणाची कळ लवकर सापडेना. तू दाखवली होतीस तशी एक कळ दाबून ठेवून दुसरी दाबायची असते, ते आठवलं. शेवटी एकेक करून घातली, नावाच्या चौकटीत. मशीनने ती घेतलीच नाही. तांबड्या अक्षरात लिहून आलं, ही खूण चालत नाही.

"त्या प्रकारानंतर कंपनीने दुरुस्ती केलीय," ते म्हणाले. "आता हे होत नाही."

मला तुझं बोलणं आठवलं, यादी कधी पुरी होत नाही. मी विचारलं, फक्त हीच खूण बंद केली, की त्या वेड्याला सगळंच अक्षर म्हणून घ्यायला शिकवलं? त्यांना वाटलं मी बरळतोय. बाईंनी पुन्हा पाणी पुढे केलं. मला तरी कुठे नीट कळतं, तुझे शब्द होते ते, मी नुसते धरून ठेवले होते. पण माझ्या खुणेसारख्या आणखी असतीलच ना? मग आणखी कुणीतरी दोन वेगळे मोजे घातलेला म्हातारा येईल, आपली काहीतरी सवय तिथे टाकेल, आणि शेवटच्या कॉटवरचं माणूस पुसलं जाईल. तू तिथे असतीस तर नीट केलं असतंस. तू "मीच केलं" म्हणालीस, त्यामुळे सगळ्यांना वाटतं दोष तुझ्या हातात होता. चौकट तशीच राहिली आणि तू तेवढी बाहेर गेलीस.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मुलीसाठी खोटं बोलायला येणारे बाप मी पाहिलेत, आजोबा. वाईट वाटून घेऊ नका. पण ती स्वतः सांगत नाही तोवर तुमच्या म्हणण्याला किंमत नाही."

जन्मात पहिल्यांदा इतकं खरं बोललो, आणि ते खोटं ठरलं. आई म्हणाली, "तुम्ही खोटं तरी नीट कधी बोललात? मग खरं कसं जमणार?" हे तिने चांगल्या मनाने म्हटलं. जवळ बसवून म्हटलं.

उत्तर दे गं.

बाबा


१४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझी मैत्रीण म्हणते, पत्रं पोचतात, तू घेतेस, पण बोलत काही नाहीस. बरं. म्हणजे वाचतेस.

आज सलूनमध्ये गेलो होतो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्या बाईच्या भावाने फेस लावला, अर्धी दाढी झाली. आरशावर त्यांच्या बहिणीचा फोटो लावलेला आहे, हसरा. त्यांनी सहज विचारलं, "काका, तुम्ही आधी कुठे जायचात दाढीला?" मी म्हटलं, घरीच करायचो. "मग इथे का येता?"

आणि मी सांगितलं. पहिल्यापासून. सही, चौकट, सगळं. आरशात बघून सांगितलं, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला, मिटवला आणि फळीवर ठेवला. मग विचारलं, "ती खरंच तसं म्हणाली? पुसून टाकलं म्हणून?"

मी म्हटलं, माझ्या बायकोने ऐकलं.

"म्हणालीच असेल," ते म्हणाले. "आमची आई गेली तेव्हासुद्धा ती काहीतरी असंच बोलली होती आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तिचंच बोलणं आहे हे. हे कुणाला बनवून सांगता येणार नाही." मग ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "समितीवाल्यांनी मला काय सांगितलं ठाऊक आहे? एका शिकलेल्या पोरीने तुमच्या बहिणीच्या जिवावर प्रयोग केला. इतके दिवस मी त्या पोरीला मनातल्या मनात काय काय म्हणतोय. रोज. दुकान उघडताना, बंद करताना."

मी म्हटलं, मला म्हणा.

"तुम्हाला म्हणून काय करू?" ते ओरडले. एकदाच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काका, उरलेली दाढी घरी करा. आज माझा हात चालायचा नाही."

मी अर्धा गाल फेसाचा घेऊन दारापर्यंत आलो. त्यांनी मागून हाक मारली. टॉवेल आणून दिला. म्हणाले, "सोमवारी मीपण येणार आहे तिथे. मला कुणाला फासावर चढवायचं नाही. माझी बहीण कशाने गेली, ते मला खरं हवं आहे. तुमच्या मुलीने तुमच्यासाठी खोटं सांगितलं असेल, चांगलीच असेल ती. पण ते खोटं तिने माझ्या बहिणीच्या नावावर सांगितलंय. तिला एवढं कळवा."

ते कळवायला हे पत्र.

बाळ, मी तुला माझ्यासाठी ये म्हणत नाही. मला म्हाताऱ्याला कोण काय करणार? पण हे त्या माणसाचं आहे, आपल्याला ठेवून घेता येत नाही. तू सोमवारी ये आणि जसं झालं तसं सांग. चौकट तुझी उघडी राहिली. ती उघडी ठेवायला साहेबांनी सांगितलं. हात माझा गेला. हसली तुझी आई. मावशींनी बघितलं नाही. असं तुकड्यातुकड्याने झालेलं आहे ते, आणि तू सगळे तुकडे गोळा करून एकटी पळालीस. माझा तुकडा मला परत दे. तो हातात असला तर निदान मला त्या सलूनच्या खुर्चीत बसता येईल. मग ते दाढी करोत की न करोत.

आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अर्ध्या दाढीचं कशाला लिहिलंत?" मग म्हणाली, "माझ्याकडून एवढंच लिहा, की खोली झाडून ठेवलीय." आज ती वॉकर सोडून भिंतीला धरून चालली. तुझ्या खोलीपर्यंत गेली. मी रागावलो, तर म्हणाली, पडले तर पडले, हाडं माझी आहेत.

सोमवारी सकाळी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलेले असू, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. मधे जागा असेल.

तुझा निरोप त्याआधी यावा असं वाटतं, कारण न कळता मला ते जिने चढवणार नाहीत. फार लिहू नकोस. येते किंवा येत नाही, एवढं पुरे. येणार असशील आणि तेही लिहवत नसेल तर नुसतं कोरं पाकीट पाठव, वर आमचा पत्ता घालून. तू मला एका खुणेवरून ओळखलंस, मी तुला तुझ्या अक्षरावरून ओळखीन. पण आजच टाक गं. टपालाला वेळ लागतो.

बाबा